धाकटीचे धागे

माझ्या वडिलांना जगात एकच गोष्ट सहन होत नाही, ती म्हणजे चुकीची माहिती. चहात माशी पडली तर ती काढून उरलेला चहा पितील, पण टीव्हीवरच्या कुठल्या इन्स्पेक्टरची बदली कोणत्या भागात झाली हे कुणी चुकीचं सांगितलं, तर भरल्या ताटावरून उठतील. आयुष्यभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. आमच्या कामात एक बोल्ट चुकला की माणूस वरून थेट खाली, म्हणून ही सवय लागली, असं ते सांगतात. मला वाटतं सवय आधीचीच असावी. आई म्हणायची, या माणसाशी भांडायला कारण लागत नाही, तारीख लागते.

रिटायर झाल्यावर ते गुन्हेगारी मालिकांकडे वळले आणि आम्हा दोघी बहिणींनाही त्यांनी ओढलं. त्यातून आमचा खेळ निघाला. ज्याची पाळी असेल त्याने मनात एक मालिका धरायची आणि तिचे तीन धागे द्यायचे. धागा म्हणजे क्लू. पोलिसांना धागेदोरे मिळतात ना, त्यातला. नटनटीचं नाव घ्यायचं नाही, सुरुवातीचं संगीत गुणगुणायचं नाही, आणि तिन्ही धागे संपेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. मालिका ओळखली तर एक गुण. धाग्यातली चूक पकडली तर दोन. हा शेवटचा नियम कुणाचा ते सांगायला नकोच. त्यामुळे आमच्या घरात मालिका ओळखण्यापेक्षा दुसऱ्याची चूक पकडण्यातच सगळ्यांचा जीव.

धाकटी या खेळात आम्हा दोघांच्या वरताण. ती असे धागे द्यायची की बाबा दोन दिवस डोकं खाजवत बसायचे. “जिन्यात एक छत्री आहे, पण बाहेर ऊन आहे,” एवढंच म्हणायची आणि गालात हसायची. लहानपणापासून तशीच. पोटातलं ओठावर येऊ देईल तर शपथ.

मग तिचं लग्न झालं. नवरा कॅमेरे बसवतो. दुकानांत, इमारतींत, गोदामांत. माणूस दिसायला सज्जन, बोलायला गोड, बाबांना वाकून विचारणार, “बाबा, औषध घेतलंत ना?” बाबा त्याला जावईबापू म्हणतात आणि चारचौघांत त्याचं कौतुक करताना थकत नाहीत. मी ज्या लॉन्ड्रीत काम करते तिथेही त्यानेच कॅमेरे लावले. पुढच्या दारावर एक, काउंटरवर एक. घरचं काम म्हणून मनापासून केलं. मालक खूश, बाबा खूश. मीही खूश होते म्हणा, उगाच खोटं कशाला बोलू.

लग्नानंतर सुरुवातीला धाकटी दर रविवारी एकटी यायची. मग दोघं यायला लागली. मग त्यांची गाडी बिघडली, मग हिची कंबर धरली, मग व्हिडिओ कॉल सुरू झाला. तिकडे त्यांचा फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला, समोर धाकटी, तिच्या खांद्याला खांदा लावून जावईबापू. तो खेळायचा नाही. आपल्या मोबाइलवर बोट फिरवत बसायचा आणि आम्ही हसलो की अर्ध्या क्षणाने हसायचा.

मला ते खटकत होतं. एकदा मी तिला विचारलं, “बरी आहेस ना गं?” तर तिने उत्तर द्यायच्या आधी छताच्या कोपऱ्याकडे पाहिलं. एकदा मी न कळवता तिच्या घरी गेले. बेलला हात लावायच्या आतच त्याने दार उघडलं. “या ताई, जिन्यातच दिसलात,” म्हणाला. भिंतीला कान असतात म्हणतात. त्या घराच्या भिंतींना डोळेही होते. धाकटी आतल्या खोलीत झोपली होती, तिला बरं नव्हतं, आणि मी चहा पिऊन परत आले. बाबांना सांगितलं तर म्हणाले, “नवा संसार आहे, तू नाक खुपसू नकोस.”

तो रविवार असाच होता. दुपारची झोप झाली होती, चहाचे कप अजून टेबलावरच होते. बाबांच्या कानात नवं मशीन होतं. जुनं कुरकुरायचं, म्हणून त्याच आठवड्यात मी त्यांना दुकानात नेऊन नवं घेऊन दिलं होतं. धाकटीला हे माहीत नव्हतं. तिच्या हिशेबाने बाबा म्हणजे कॉलच्या पहिल्या दहा मिनिटांत हं हं करत पेंगणारे, अर्धं ऐकू न येणारे बाबा. त्या दिवशी मात्र ते ताठ बसले होते.

आधी त्यांची पाळी झाली, मग माझी. मी ‘सातव्या मजल्याचा जबाब’चे धागे दिले आणि बाबांनी ते चुटकीसरशी ओळखलं. धाकटीने त्या दिवशी एकही उत्तर दिलं नव्हतं. तिने लांब बाह्यांचा जाड कुडता घातला होता आणि घराच्या खिडक्या बंद होत्या.

“चल, आता तुझी पाळी,” बाबा म्हणाले.

“हं,” ती म्हणाली. मग सरळ फोनकडे बघितलं. फोनकडे म्हणजे माझ्याकडे. “पहिला धागा. पायऱ्यांवर पांढरे ठसे आहेत. नायिकेला पहिल्या दिवसापासून माहीत आहे की शेवटच्या भागात मरणारी बाई तीच.”

मला हसू आलं. ‘पिठाचे ठसे’! शेंबडं पोरही ओळखेल. इतका सोपा धागा आणि तोही धाकटीकडून? बाबांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. पण नियम म्हणजे नियम, दोघंही तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो.

“दुसरा धागा. तिची मोठी बहीण लॉन्ड्रीत असते.”

बाबा खुर्चीत पुढे सरकले. मालिकेतली बहीण बेकरीवाली आहे. तिच्यावरूनच तर मालिकेचं नाव. धाकटी असली चूक करणार नाही. झोपेत उठवून विचारलं तरी करणार नाही. माझं हसू जागच्या जागी थांबलं.

“तिसरा धागा.” तिचा आवाज अगदी सपाट होता, बातम्या वाचल्यासारखा. “सोमवारी नवरा बाहेरगावी जातो. ती लॉन्ड्रीच्या मागच्या दाराशी जाऊन थांबते. बहिणीने तेवढं दार आतून उघडं ठेवायचं असतं.”

लॉन्ड्रीच्या मागच्या दारावर कॅमेरा नाही. ते दार गल्लीत उघडतं, तिथून आम्ही मळक्या चादरींची गाठोडी आत घेतो. हे तिला मीच कधीतरी सांगितलं होतं. माझी बहीण नवऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसली होती आणि त्याच्यासमोर मला सांगत होती, ‘तो मला मारणार आहे, मला सोडव.’ बोलायला तिला एवढीच एक जागा उरली होती. मी फक्त “नाही बाई, नाही ओळखता येत” असं म्हणायचं होतं. बस, एवढंच. तोंड उघडलंच मी.

“चूक!” बाबा ओरडले. टेबलावरचे कप हलले. “दोन गुण! नाही, सहा गुण! लॉन्ड्री कुठली, बेकरी! ‘पिठाचे ठसे’ना ही? मग लॉन्ड्रीत पीठ कुठून येणार? आणि सोमवार नाही, शनिवार! आणि मागचं दार तर मुळीच नाही. ती भर बाजारातून पुढच्या दाराने जाते, म्हणून तर सगळे साक्षीदार मिळतात! तीन चुका एका दमात! काय गं, झालंय काय तुला आज?”

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी त्यांचा हात दाबला, तर त्यांना वाटलं मी गुणांसाठी भांडतेय, त्यांनी हात झटकला.

पलीकडे जावईबापूंचं बोट मोबाइलवर थांबलं होतं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्याने मान वर केली.

“एक मिनिट, बाबा,” तो म्हणाला. “म्हणजे मालिकेत लॉन्ड्री नाहीच?”

“नावालाही नाही!”

“आणि सोमवार पण नाही?”

“छे!”

“गंमतच आहे.” तो हसला आणि धाकटीकडे वळला. “सोमवारी मी बाहेरगावी आहे ना गं?”

धाकटीचे दोन्ही हात टेबलाखाली होते. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मला त्या एवढ्याशा पडद्यावरही दिसलं.

सोमवार गेला होता. लॉन्ड्री गेली होती. मागचं दारही गेलं होतं. जे काही तिने जीव मुठीत धरून गुंडाळून दिलं होतं, ते बाबांनी एकेक करून उलगडून त्याच्यासमोर ठेवलं होतं. आता कॉल बंद झाला की ती आणि तो, आणि बंद खिडक्या. मला एवढंच सुचलं की खेळातलं खेळातच सांगावं.

“बाबा, तुमचंच चुकतंय,” मी म्हणाले. आवाज चढवला, नेहमी भांडते तसा. “ती दुसऱ्या सीझनचं सांगतेय. त्यात बहीण बेकरी सोडून लॉन्ड्री घेते. आणि दुसऱ्या सीझनमध्ये ती सोमवारपर्यंत थांबतच नाही. आत्ताच निघते. आहे तशी.”

“दुसरा सीझन?” बाबांचा आवाज फाटला. “अगं, दुसरा सीझन आलाच नाही! निघणार होता, रद्द झाला! तू शुद्धीवर आहेस का?”

त्या क्षणी मला बापाचा जितका राग आला तितका जन्मात कुणाचा आला नसेल.

“ताई, तुम्ही तर कधी चुकत नाही,” जावईबापू शांतपणे म्हणाला.

“दूध उतू जाईल,” धाकटी म्हणाली आणि उठली. तिच्या मागे ओटा दिसत होता. गॅस बंद होता. शेगडीवर काहीच नव्हतं.

त्याचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. त्याने डब्याला टेकवलेला फोन हातात घेतला, त्याचा चेहरा पडदाभर झाला. त्याला आता सगळं नीट जुळवून बघायचं होतं. खरी गोष्ट कुठे संपते आणि बायकोची कुठे सुरू होते, ते. “बाबा,” तो म्हणाला, “मला ही मालिका पहिल्यापासून सांगा ना. काय काय होतं त्यात?”

आंधळा मागतो एक डोळा, तसं झालं बाबांना. लग्नापासून जावयाने पहिल्यांदाच मालिकेत रस दाखवला होता. ते खुर्ची पुढे ओढून सुरू झाले. आणि मी त्यांना अडवलं नाही. तो जितका वेळ बाबांकडे बघतोय तितका वेळ त्याची पाठ तिच्याकडे आहे, एवढं माझ्या डोक्यात शिरलं होतं. बाबा म्हणाले बेकरी नदीकाठी होती, मी म्हणाले स्टेशनजवळ. बाबा म्हणाले पहिला मुडदा दूधवाल्याला सापडला, मी म्हणाले पेपरवाल्याला. प्रत्येक शब्दावर भांडले. बाबा लालबुंद झाले, खोटारडी म्हणाले, मी अतिशहाणे म्हणाले.

त्याच्या खांद्यामागे घराचा बोळ दिसत होता आणि बोळाच्या टोकाला दार. धाकटी तिथून गेली. हातात पर्स नाही, पायात चप्पल नाही. तिने मागे वळून पाहिलं नाही.

“टिंग” असा आवाज आला. त्याचा मोबाइल. दार उघडलं की त्याला कळायची सोय त्याने स्वतःच करून ठेवली होती. त्याने मोबाइलकडे पाहिलं. ओरडला नाही, धावला नाही. हातातला फोन पुन्हा साखरेच्या डब्याला नीट टेकवला, सरळ केला. “बाबा, आलोच हं,” म्हणाला. मग त्याच्या बुटांचा आवाज आणि दार ओढल्याचा आवाज. पडद्यावर दोन रिकाम्या खुर्च्या राहिल्या.

“कुठे गेले दोघं?” बाबांनी विचारलं. “अजून गोष्ट व्हायची आहे.”

मी त्यांना सांगितलं. दोन वाक्यांत सांगितलं, जास्त लागलीच नाहीत. बाबांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. त्यांचा खालचा ओठ लोंबला. “मी सांगितलं त्याला,” ते म्हणाले. “लॉन्ड्री... मीच सांगितली.”

“हो,” मी म्हणाले. “तुम्हीच.” समजूत घालायला माझ्याकडे वेळ नव्हता आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती.

चालता चालता पोलिसांना फोन केला. पलीकडच्या बाईने पत्ता विचारला, मी लॉन्ड्रीचा दिला, तिने पुन्हा विचारला, मारहाण झाली आहे का विचारलं. व्हायची आहे, मी म्हणाले. गाडी पाठवतो म्हणाली. बाबा मागून येत होते, दम लागला होता, पण थांबत नव्हते. लॉन्ड्री आमच्या घराच्या मागच्याच रस्त्यावर आहे. धाकटी दुसरीकडे कुठे जाणार? तिने तेच दार सांगितलं होतं. आणि जिथे तिला जायचं तिथेच त्यालाही जायचं होतं. पत्ता दोघांना सारखाच मिळाला होता.

माझ्याजवळच्या किल्लीने पुढचं शटर उघडून आम्ही आत गेलो आणि ते पुन्हा खाली ओढलं. रविवारी लॉन्ड्री बंद असते. वाफेची यंत्रं थंड पडलेली, इस्त्रीची टेबलं कापडांनी झाकलेली, साबणाचा आणि ओल्या सुताचा वास. काउंटरवरच्या कॅमेऱ्याचा लाल ठिपका चालू होता. मी त्यावर एक उशीचा अभ्रा टाकला. मग मागच्या खोलीत गेलो, गाठोड्यांच्या मधून वाट काढत. मागचं दार लोखंडी आहे, त्याला आतून जाड कडी. मी कडीवर हात ठेवला आणि कान लावला. गल्लीत कुणाची चाहूल नव्हती. लांब कुठेतरी गाडी मागे घेतल्याचा आवाज आला, तोही थांबला.

“ती रस्त्यात टॅक्सी करेल,” बाबा कुजबुजले. “त्याच्या आधी येईल.”

तिच्याकडे पर्स नव्हती.

बाबांनी कोपऱ्यातला चादरी ढवळायचा लाकडी दांडा उचलला. दोन्ही हातांनी नीट धरला. मशीन नसलेल्या कानाने आपल्याला काही ऐकू येत नाही म्हणून त्यांनी दुसरा कान दाराकडे केला. आम्ही बापलेक असे कधी एवढा वेळ न भांडता उभे राहिलो नव्हतो.

मग दारावर थाप पडली. हलकी, बोटांच्या पेरांनी मारलेली.

“ताई.”

धाकटीचाच आवाज. बाबांच्या डोळ्यांतून घळकन पाणी आलं. ते कडीकडे झेपावले, मी त्यांचं मनगट पकडलं.

“ताई, उघड ना,” ती म्हणाली. आवाज सपाट होता. मघाशी तिसरा धागा देताना होता तसाच, बातम्या वाचल्यासारखा. “उघड. मी एकटीच आहे.”

मी तिला विचारलं नव्हतं. बाबांनीही नव्हतं. ज्या बाईच्या मागे कुणी नाही ती दारावर डोकं आपटेल, लवकर उघड म्हणून रडेल, ती एकटी असल्याचं सांगत बसणार नाही. हे तिला कुणीतरी बोलायला लावलं होतं, आणि तो कुणीतरी तिच्या अगदी मागे, श्वास धरून उभा होता. बाबांनाही कळलं. त्यांनी डोळे पुसले नाहीत, दांडा वर घेतला.

पोलिसांच्या गाडीचा अजून पत्ता नव्हता. दार बंद ठेवलं असतं तर आम्ही दोघं आत सुरक्षित होतो. तो थोडा वेळ थांबला असता आणि मग तिला घेऊन घरी गेला असता. त्या बंद खिडक्यांच्या घरी. आणि पुढच्या रविवारी कॉल आला नसता.

“आले गं,” मी मोठ्याने म्हणाले. “थांब, कडी अडकलीये.”

बाबा माझ्यापुढे येऊन उभे राहिले. मी त्यांच्या खांद्यावरून हात घालून कडी काढली.